बातमीपत्राची भाषा आणि पक्षपाताचा आरोप : आकाशवाणी-दूरदर्शनच्या वृत्तसेवेची चिकित्सा

आकाशवाणी आणि दूरदर्शनच्या बातम्या सरकारच्या बाजूला झुकलेल्या असतात, ही तक्रार आपल्या देशात नवी नाही. इंदिरा गांधींच्या काळात लोक ‘ऑल इंडिया रेडिओ’ला ‘ऑल इंदिरा रेडिओ’ म्हणत. राजीव गांधींच्या काळात दूरदर्शनचे ‘राजीव दर्शन’ झाले. २०१४ नंतर हीच तक्रार भारतीय जनता पक्षाच्या सरकारच्या संदर्भात होत आली आहे. तक्रार करणारे बदलतात, ज्यांच्याविषयी तक्रार होते तेही बदलतात; तक्रार मात्र तीच राहते. विरोधात असताना प्रसारणाच्या स्वायत्ततेचा आग्रह धरणारे पक्ष सत्तेत आल्यावर त्याच यंत्रणेचा सोयीस्कर वापर करतात, हा गेल्या पन्नास वर्षांचा अनुभव आहे.

कोणत्या पक्षाने अधिक पक्षपात केला याचा हिशेब मांडणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू नाही. पक्षपात नेमका कोठे असतो, तो कसा ओळखावा आणि भाषा शिकवणाऱ्या अध्यापकाने त्याबाबत काय करावे, एवढ्यापुरताच हा विचार मर्यादित आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे, की हा पक्षपात संस्थेच्या बांधणीतून जन्म घेतो आणि बातमीच्या भाषेतून प्रकट होतो. म्हणून त्याची तपासणी मनाला काय वाटले यावर नव्हे, तर भाषेच्या पुराव्यावर झाली पाहिजे, आणि सर्व सरकारांना एकच माप लावून झाली पाहिजे.

हा प्रश्न महत्त्वाचा का आहे, हेही प्रारंभीच सांगितले पाहिजे. आपल्या देशात रेडिओवरच्या बातम्या हे आकाशवाणीचेच क्षेत्र राहिले आहे. खासगी एफएम केंद्रांना स्वतःचे बातमीपत्र तयार करून देण्याची मुभा धोरणाने दिलेली नाही. आकाशवाणीचे बातमीपत्र कोणताही फेरफार न करता प्रसारित करता येते, इतकेच. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ‘ट्राय’ने, २०२३ मध्ये खासगी केंद्रांना मर्यादित प्रमाणात बातम्यांची परवानगी द्यावी अशी शिफारस केली. तेव्हा रेडिओवर बातमी ऐकणाऱ्यापुढे निवडीचा प्रश्नच नसतो. वर्तमानपत्र आवडले नाही तर दुसरे घेता येते. येथे तसे नाही.

आरोपाचा इतिहास

नभोवाणी सरकारी खात्यातून मुक्त करून स्वायत्त मंडळाकडे द्यावी, ही सूचना अशोक चंदा समितीने १९६६ मध्येच केली होती. ती स्वीकारली गेली नाही. सूचना धुडकावण्याची किंमत काय असते, हे नऊ वर्षांनी आणीबाणीत दिसले. जून १९७५ मध्ये आणीबाणी पुकारली गेली, त्यानंतर काही दिवसांतच माहिती आणि नभोवाणी खाते इंदरकुमार गुजराल यांच्याकडून काढून विद्याचरण शुक्ल यांच्याकडे सोपवण्यात आले. पुढे १९७६ मध्ये किशोरकुमार यांची गाणी आकाशवाणीवरून बंद झाली. ६ फेब्रुवारी १९७७ रोजी दिल्लीच्या रामलीला मैदानावर विरोधी पक्षांची सभा होती. त्याच संध्याकाळी लोकांनी घरीच बसावे म्हणून दूरदर्शनने ‘बॉबी’ हा लोकप्रिय चित्रपट दाखवला, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. तरीही सभेला अफाट गर्दी झाली.

अशा किश्श्यांपेक्षा एक आकडा अधिक बोलका आहे. शाह आयोगाने आणीबाणीतील गैरप्रकारांची चौकशी केली, तेव्हा बातमीपत्रांतील ओळींची मोजदाद पुढे आली. डिसेंबर १९७६ या एका महिन्यात आकाशवाणीच्या बातमीपत्रांत काँग्रेसच्या प्रवक्त्यांना २२०७ ओळी मिळाल्या होत्या, तर विरोधकांना ३४. येथे कोणाच्या भावनेचा प्रश्न उरत नाही. ओळी मोजता येतात. पक्षपाताची चर्चा कशी करावी याचा हा वस्तुपाठ आहे, आणि दुर्दैवाने नंतरच्या चर्चांत तो फारसा गिरवला गेला नाही.

जनता पक्षाच्या काळात बी. जी. व्हर्गीज यांच्या समितीने १९७८ मध्ये ‘आकाश भारती’ या स्वायत्त न्यासाची योजना मांडली. लालकृष्ण अडवाणी माहिती आणि नभोवाणी मंत्री असताना १९७९ मध्ये विधेयक आले. ते समितीच्या शिफारशींपेक्षा बरेच सौम्य होते, आणि लोकसभा बरखास्त झाल्यामुळे तेही बारगळले. प्रसार भारतीचा कायदा १९९० मध्ये विश्वनाथ प्रताप सिंह यांच्या सरकारने केला. तो सात वर्षे पडून राहिला. दरम्यान १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने क्रिकेट असोसिएशन ऑफ बंगालच्या प्रकरणात आकाशलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे असा निर्वाळा दिला. अखेर १९९७ मध्ये कायदा अमलात आला आणि २३ नोव्हेंबर रोजी प्रसार भारती अस्तित्वात आली. त्या वेळी पंतप्रधान होते तेच इंदरकुमार गुजराल, ज्यांना १९७५ मध्ये या खात्यातून दूर करण्यात आले होते.

बांधणीतील दोष

कायद्याचे शब्द उत्तम आहेत. सार्वजनिक महत्त्वाच्या सर्व बाबींची मुक्त, सत्य आणि वस्तुनिष्ठ माहिती मिळण्याच्या नागरिकांच्या हक्काचे रक्षण करणे, परस्परविरोधी मते समतोलपणे मांडणे आणि स्वतःच्या कोणत्याही मताचा वा विचारसरणीचा पुरस्कार न करणे, ही जबाबदारी कलम १२ ने या संस्थेवर टाकली आहे. देखरेखीसाठी २२ खासदारांच्या संसदीय समितीची तरतूदही कायद्यात आहे. पण त्याच कायद्यात केंद्र सरकारने निर्देश देण्याचे अधिकार आहेत. वेतनाचा मोठा भार केंद्राच्या अनुदानावर आहे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, वृत्तविभागातील वरिष्ठ अधिकारी भारतीय माहिती सेवेतून येतात. या सेवेतील अधिकारी आज पत्र सूचना कार्यालयात सरकारची प्रसिद्धिपत्रके काढतो आणि उद्या बदली होऊन बातमीपत्राच्या मेजावर बसतो. त्याचा प्रामाणिकपणा संशयास्पद आहे असे मुळीच नाही. पण ज्याची लेखणी प्रसिद्धिपत्रकावर घडली, त्याची बातमीही प्रसिद्धिपत्रकासारखी होणे स्वाभाविक आहे. त्यासाठी मंत्र्याचा दूरध्वनी यावा लागत नाही.

हा दोष एका पक्षाचा नाही, हे २०१४ या एकाच वर्षातील दोन प्रसंगांवरून दिसते. एप्रिल २०१४ मध्ये, केंद्रात संयुक्त पुरोगामी आघाडीचे सरकार असताना, दूरदर्शनने नरेंद्र मोदी यांची मुलाखत दाखवली; तिचे काही भाग गाळले गेल्याचा गवगवा झाला. प्रसार भारतीचे तत्कालीन मुख्य कार्यकारी अधिकारी जवाहर सरकार यांनी मंडळाच्या सदस्यांना लिहिलेल्या पत्रात काटछाट झाल्याचे मान्य केले आणि मंत्रालय वृत्तविभागाला कामकाजाची स्वायत्तता देत नसल्याकडे लक्ष वेधले. सरकार बदलले. ३ ऑक्टोबर २०१४ रोजी, विजयादशमीला, राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे सरसंघचालक मोहन भागवत यांचे नागपूरचे भाषण दूरदर्शनने थेट दाखवले. ही बातमीयोग्य घटना होती, असे समर्थन करण्यात आले. घटना बातमीयोग्य होती हे मान्यच आहे. प्रश्न असा, की देशातील अन्य कोणत्या संघटनेच्या प्रमुखाचे वार्षिक भाषण सार्वजनिक पैशाने संपूर्ण आणि थेट दाखवले जाते? बातमी देणे वेगळे आणि व्यासपीठ देणे वेगळे.

पुढे ऑगस्ट २०१७ मध्ये त्रिपुराचे तत्कालीन मुख्यमंत्री माणिक सरकार यांचे स्वातंत्र्यदिनाचे भाषण आगरताळ्याच्या केंद्रांनी प्रसारित केले नाही. भाषणात बदल करावा असे त्यांना कळवण्यात आले होते आणि त्यांनी नकार दिला होता. फेब्रुवारी २०२३ मध्ये प्रसार भारतीने ‘हिंदुस्थान समाचार’ या, संघाशी निकट मानल्या जाणाऱ्या, वृत्तसंस्थेशी करार केला. ‘पीटीआय’ची सेवा २०२० मध्येच बंद करण्यात आली होती. बातमीचा झराच कोठला आहे यावर पाण्याची चव ठरते, हे येथे वेगळे सांगायला नको.

आरोप की भास?

येथे एक शंका रास्त आहे. पक्षपात हा पाहणाऱ्याच्या मनातही असू शकतो. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात व्हॅलोन, रॉस आणि लेपर या अभ्यासकांनी १९८५ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. १९८२ च्या बैरुतमधील हत्याकांडाविषयीच्या दूरचित्रवाणीवरील बातम्या त्यांनी इस्राएलच्या समर्थकांना आणि अरबांच्या समर्थकांना दाखवल्या. बातम्या त्याच होत्या. पण दोन्ही गटांना त्या आपल्याविरुद्ध झुकलेल्या वाटल्या. हा निष्कर्ष आपणही गांभीर्याने घेतला पाहिजे. ‘आमच्याविषयी नेहमी वाईटच सांगतात’ असे म्हणणाऱ्या प्रत्येक समाजाने, आपल्याही, आधी स्वतःच्या कानाची परीक्षा करावी. परंतु या प्रयोगावरून ‘सर्वच आरोप म्हणजे भास’ असाही निष्कर्ष निघत नाही. २२०७ आणि ३४ हा भास नव्हता. म्हणूनच पुरावा कोठे शोधावा हे ठरवणे भाग आहे, आणि तो शोधण्याची जागा म्हणजे बातमीची संहिता.

क्रियापदांची साक्ष

ग्लासगो विद्यापीठातील माध्यम अभ्यासगटाने ब्रिटिश दूरचित्रवाणीच्या बातम्यांचा अभ्यास करून १९७६ मध्ये ‘बॅड न्यूज’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. औद्योगिक संघर्षाच्या बातम्यांत कामगार नेहमी ‘मागणी’ करतात, ‘धमकी’ देतात. व्यवस्थापन मात्र ‘देऊ करते’, ‘आवाहन’ करते, हे त्यांनी दाखवले. मार्टिन हॅरिसन यांनी १९८५ मध्ये या निष्कर्षांना सविस्तर आव्हान दिले; नमुना निवडक होता, असा त्यांचा आक्षेप होता. वाद अवश्य असावा. पण पद्धत आपल्या उपयोगाची आहे, कारण ती भाषेच्या अध्यापकाच्या हातातली आहे.

मराठी आणि उर्दू बातमीपत्रांना हीच कसोटी लावून पाहता येते. मराठी बातमीत मंत्री ‘सांगतात’, ‘स्पष्ट करतात’, ‘ग्वाही देतात’, ‘मार्गदर्शन करतात’. विरोधी नेता ‘आरोप करतो’, ‘दावा करतो’, ‘टीका करतो’. उर्दू बातमीत सत्ताधारी ‘वजाहत’ करतो, ‘यकीन दिलाता है’. दुसरा ‘इल्जाम लगाता है’. यातील एकही शब्द खोटा नाही. परंतु ‘स्पष्ट केले’ म्हणताना बोलणाऱ्याचे म्हणणे खरे आहे हे गृहीत धरलेले असते, आणि ‘दावा केला’ म्हणताना ते संशयास्पद ठरवलेले असते. दोघांनीही आपापले मत मांडले असेल, तर दोघांसाठी ‘म्हणाले’ हे साधे क्रियापद पुरेसे आहे.

दुसरी खूण कर्त्याची. उदाहरणादाखल मी दोन वाक्ये रचतो. ‘वस्तीतील घरे हटवण्यात आली, त्या वेळी झालेल्या गोळीबारात तिघांचा मृत्यू झाला.’ ‘महापालिकेने वस्तीतील घरे पाडली, त्या वेळी पोलिसांनी केलेल्या गोळीबारात तिघे ठार झाले.’ घटना एकच, तपशील तोच. पहिल्या वाक्यात मात्र कोणी काही केलेले नाही. सगळे आपोआप झाले. ‘-ण्यात आले’ ही रचना सरकारी पत्रव्यवहारातून आपल्या बातमीत आली आणि ‘हटा दिया गया’ या रूपाने उर्दूत आणि हिंदीतही रुळली. सरकारने चांगले काम केले की मात्र कर्ता ताबडतोब परत येतो: अमुक मंत्र्यांच्या हस्ते, तमुक योजनेअंतर्गत. कर्ता कधी दिसतो आणि कधी लपतो, याची नोंद ठेवली तर बातमीपत्राचा कल कोणाच्याही मतावर अवलंबून न राहता समोर येतो.

तिसरी खूण नावांची. सीमाभागातील वाचकांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. कर्नाटक सरकारने १ नोव्हेंबर २०१४ पासून ‘बेळगावी’ हे नाव अधिकृत केले. महाराष्ट्राने २००४ मध्ये दाखल केलेला सीमाप्रश्नाचा दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. धारवाडचे कन्नड बातमीपत्र आणि महाराष्ट्रातील केंद्रांवरचे मराठी बातमीपत्र एकाच घरात ऐकू येते. एका बातमीत ‘बेळगावी’ आणि दुसरीत ‘बेळगाव’, एकीत ‘कर्नाटकातील जिल्हा’ आणि दुसरीत ‘सीमाभाग’ असा शब्द आला की बातमीचा पहिला शब्दच बाजू घेतो. निवेदकाचा त्यात काही हेतू नसेलही. तरी ऐकणाऱ्याला हा फरक लगेच जाणवतो.

चौथी खूण क्रमाची आणि पाचवी मौनाची. कोणती बातमी आधी आली आणि किती वेळ चालली हे घड्याळ लावून मोजता येते. कोणती बातमी आलीच नाही, हे मात्र शेजारी दुसरे वर्तमानपत्र ठेवल्याशिवाय कळत नाही. म्हणून ही खूण शोधायला सर्वांत कठीण आणि सर्वांत महत्त्वाची.

एक वगळलेला शब्द

भाषेचा हा मुद्दा मे २०२४ मध्ये फार स्पष्ट रूपात पुढे आला. लोकसभा निवडणुकीत मान्यताप्राप्त पक्षांना आकाशवाणी आणि दूरदर्शनवर भाषणासाठी वेळ दिला जातो. १९७७ पासून ही प्रथा आहे. मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे सीताराम येचुरी (त्यांचे निधन सप्टेंबर २०२४ मध्ये झाले) आणि फॉरवर्ड ब्लॉकचे जी. देवराजन यांच्या भाषणांतील काही शब्द वगळावयास लावण्यात आले. येचुरी यांच्या संहितेतून सरकारला जातीयवादी आणि हुकूमशाही म्हणणारे शब्द गेले. देवराजन यांच्या भाषणातून, त्यांनी स्वतः जाहीरपणे सांगितल्याप्रमाणे, ‘मुस्लिम’ हा शब्द काढावा लागला. संदर्भ नागरिकत्व दुरुस्ती कायद्याचा होता.

या निर्णयाच्या बाजूने जे म्हणता येते ते आधी मांडू. आकाशवाणीची आचारसंहिता जुनी आहे. १९६७ मध्ये पश्चिम बंगालचे मंत्री सुबोध बॅनर्जी यांचे मे दिनाचे भाषण कलकत्ता केंद्राने नाकारले, त्यावरून वाद झाला आणि त्यातून ही संहिता आली. धर्मांवर आणि जमातींवर हल्ला नको, चिथावणी नको, असे ती म्हणते. दंगलीच्या बातमीत जमातीचे नाव न घेता ‘दोन गट’ म्हणण्याचा संकेतही अशाच सावधगिरीतून आला आहे आणि त्याने अनेकदा आग पसरण्यापासून वाचवले असेल. नियम सर्वांना सारखा लावला, असे अधिकाऱ्यांचे म्हणणे होते.

पण शब्दाचा उपयोग कोणत्या वाक्यात झाला, हे पाहायला नको काय? २०१९ च्या या कायद्यातच हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी आणि ख्रिस्ती अशी सहा समाजांची नावे घेतलेली आहेत. ज्याचे नाव तेथे नाही त्याविषयी तक्रार करायची, तर ते नाव उच्चारावेच लागते. नाव उच्चारायला बंदी केली की तक्रारीचा सूर सौम्य होत नाही. तिला अर्थच उरत नाही. कायद्याचे समर्थन करणाऱ्याचे वाक्य मात्र या शब्दावाचून पूर्ण होते. म्हणजे नियम कागदावर समान असूनही त्याचा भार एकाच बाजूवर पडतो. जमातीवर हल्ला होऊ नये म्हणून केलेला नियम त्या जमातीचे म्हणणे मांडण्याच्या आड आला. आक्षेप कायद्याच्या बाजूने आहे की विरोधात, हा येथे प्रश्न नाही. मत कोणतेही असो, ते मांडायला लागणारे शब्द सार्वजनिक प्रसारणावर मिळाले पाहिजेत, इतकीच अपेक्षा आहे.

दुसरी बाजू

सार्वजनिक वृत्तसेवेवर टीका करताना तिचे गुण विसरणे अन्यायाचे होईल. खासगी वाहिन्यांवरील रोजचा आरडाओरडा, निवेदकाने पाहुण्यांवर केलेली दमदाटी, संपूर्ण समाजाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणारे मथळे, हे आकाशवाणीच्या दहा मिनिटांच्या बातमीपत्रात आढळत नाही. पणजीसारख्या केंद्रावरून कोकणीत आणि मराठीतही बातम्या दिल्या जातात. उर्दूसाठी १५ ऑगस्ट २००६ पासून दूरदर्शनची स्वतंत्र वाहिनी आहे. नफ्यासाठी चालणारी कोणती संस्था हे करील? निवेदकांचे शुद्ध उच्चार आणि संयत भाषा ही आजही विद्यार्थ्यांना ऐकवावी अशीच आहे.

म्हणूनच ‘सरकारी बातम्या, त्यात ऐकायचे काय’ ही आपल्या अध्यापक-कक्षांत सर्रास ऐकू येणारी वृत्ती मला मान्य नाही. तिचा परिणाम असा होतो, की विद्यार्थी बातमीपत्र सोडून भ्रमणध्वनीवर आलेल्या निनावी मजकुरावर विसंबतात. तेथे ना क्रियापद तपासता येते ना कर्ता, कारण लिहिणाराच अज्ञात असतो. बातमीपत्राला निदान जबाबदार संस्था आहे, तिच्यावर कायद्याने टाकलेले कर्तव्य आहे आणि आकाशलहरी आपल्या मालकीच्या आहेत असा न्यायालयाचा निर्वाळा आहे. मालकाने दुकानाकडे पाठ फिरवली तर गुमास्त्याला दोष देऊन काय उपयोग?

वर्गातील काम

आपल्या महाविद्यालयांत मराठी आणि उर्दू या विषयांत व्यावहारिक भाषेचा भाग असतो आणि त्यात बातमीलेखन शिकवले जाते. तेथे एक साधा उपक्रम सहज करता येईल. विद्यार्थ्यांच्या दोन तुकड्या कराव्यात. एकीने दोन आठवडे रोजचे मराठी बातमीपत्र आणि दुसरीने उर्दू बातमीपत्र लिहून काढावे. नंतर चार रकान्यांचा तक्ता करावा: कोण बोलले, किती वाक्ये मिळाली, कोणते क्रियापद वापरले, कर्ता सांगितला की लपवला. शेजारी दोन भिन्न मतांची वर्तमानपत्रे ठेवून गाळलेल्या बातम्यांची यादी करावी. तक्ता पूर्ण होईपर्यंत मतप्रदर्शनाला मनाई असावी. शक्य झाल्यास केंद्रात आणि राज्यात वेगवेगळ्या पक्षांची सरकारे असलेल्या ठिकाणी हाच उपक्रम करावा, म्हणजे कोणत्या सरकारकडे कल आहे आणि सत्तेकडेच कल आहे का, हे दोन प्रश्न वेगळे करता येतील.

निष्कर्ष आपल्या समजुतीविरुद्ध निघाला तर तोही तितक्याच मोकळेपणाने नोंदवावा. आणि पक्षपात दिसलाच, तर तारीख, वेळ आणि वाक्य देऊन केंद्राच्या वृत्तविभागाला आणि प्रसार भारतीला लेखी कळवावे. ‘तुम्ही पक्षपाती आहात’ या पत्राला उत्तर येत नाही. ‘अमुक तारखेच्या बातमीपत्रात एका पक्षाला अकरा वाक्ये आणि दुसऱ्याला एक, हे कलम १२ शी कसे जुळते?’ या पत्राला उत्तर देणे टाळता येते, पण ते पत्र खोडून काढता येत नाही. दहा महाविद्यालयांतून अशी पत्रे गेली आणि त्यांच्या प्रती संबंधित खासदारांना मिळाल्या, तर कायद्यात लिहिलेल्या संसदीय देखरेखीचा प्रश्नही कोणीतरी सभागृहात विचारील. यंदाच्या दुसऱ्या सत्रात आपल्यापैकी काही विभागांनी हा उपक्रम हाती घ्यावा आणि तक्ते याच नियतकालिकाकडे पाठवावेत, अशी विनंती आहे.